आप्पांची पंच्याहत्तरी आणि पुदिन्याच्या बारा जुड्या

आमचे आप्पा माळकरी. त्यामुळे त्यांच्या पंच्याहत्तरीला घरात दारू येणार नाही, हे कुणाला सांगायची गरज पडू नये असं मला वाटत होतं. पण सांगावं लागलं. चुलत-मावस भावंडांतली निम्मी मुंबई-पुण्याहून येणार होती, आणि नाशिक म्हटलं की त्यांना गंगापूर धरणाच्या बाजूचे द्राक्षमळे आणि वाईनच आठवते. "नाशिकला येऊन वाईन नाही?" असं एका मावसभावाने ग्रुपवर विचारलं. मी "नाही" लिहिलं आणि खाली लिहिलं, "पण जे असेल ते असं असेल की तुम्हाला वाईनची आठवण होणार नाही." पुढचे पंधरा दिवस मी हे एक वाक्य खरं करायच्या मागे होते.

दुसरं कारण दादा, माझा मोठा भाऊ. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने हे लिहितेय. दादाने दारू सोडली त्याला आता 3 वर्षं झाली. सोडताना काय काय झालं ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे. पण सोडल्यानंतर समारंभांमध्ये त्याच्या वाट्याला जे येतं ते मी पाहत आलेय. डिसेंबरमध्ये एका लग्नाच्या वाढदिवसाला गेलो होतो. एका बाजूला टेबलावर काचेचे उंच ग्लास, बर्फ, लिंबाच्या चकत्या, सगळं मांडलेलं. न पिणाऱ्यांसाठी दुसऱ्या कोपऱ्यात लहान मुलांच्या टेबलावर नारिंगी कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या आणि कागदी कप. कोमट. 52 वर्षांचा माझा भाऊ तो कागदी कप हातात धरून दोन तास उभा होता. तक्रार त्याने केली नाही. मला मात्र घरी येताना गाडीत बोलवत नव्हतं.

तेव्हा ठरवलं होतं की आपल्या घरच्या कार्याला न पिणाऱ्याचं पेय मन लावून केलेलं असेल.

पन्हं करावं असं वहिनींचं म्हणणं होतं. चैत्रच होता, एप्रिलचा पहिला आठवडा, बाजारात कैऱ्या आलेल्या. पन्हं मला प्राणप्रिय आहे. पण पन्हं म्हणजे एक ग्लास, फार तर दीड. ते पोटभरीचं, दुपारचं. मला संध्याकाळी गच्चीवर हातात धरून तासभर गप्पा मारता येतील असं काही हवं होतं. गोड कमी, आंबट नेमकं, सोड्याची चुरचुर, आणि वास असा की ग्लास तोंडाशी नेला की आधी नाकाला कळावं. पुदिना डोक्यात आला तो असा.

दादाची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतेय. तिला फोन केला तर म्हणाली, "आत्या, तू व्हर्जिन मोजितो म्हणतेयस." मग स्वतःच दुरुस्त केलं, की स्पॅनिशमध्ये त्या 'ज'चा 'ह' होतो, म्हणून मोहितो. मूळ पेय क्यूबातलं, हवानाचं : पांढरी रम, साखर, लिंबू, पुदिना आणि सोडा. रम काढली की राहतं ते व्हर्जिन मोहितो. मी म्हटलं, बरं, करून बघू.

पहिल्यांदा मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. पुदिना, साखर, लिंबाचा रस मिक्सरला फिरवून गाळून घेतलं, सोडा ओतला. रंग सुंदर, पोपटी. पाच मिनिटं. अर्ध्या तासाने त्याच ग्लासातलं पाणी शेवाळी, मळकट झालं होतं, आणि चव गवत चावल्यासारखी, मागून तुरट-कडू. भाचीने समजावलं ते मला फार उपयोगी पडलं. पुदिन्याचं सुवासिक तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. पान नुसतं दाबलं तरी त्या फुटतात. पण पान वाटलं की आतल्या पेशीही फुटतात, हरितद्रव्य बाहेर येतं, हवेशी गाठ पडून ते काळवंडायला लागतं. त्यात लिंबाचं आम्ल पडलं की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि हिरव्याचा शेवाळी रंग होतो. चटणीत हे सगळं चालतं, तिथे मिरची, मीठ, दाणे सांभाळून घेतात. पाण्यासारख्या पातळ पेयात लपायला जागाच नसते.

दुसऱ्यांदा पुदिना पाकात उकळला. तो काढा झाला. खोकल्याची गोळी विरघळवल्यासारखा. सगळा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरला आणि भांड्यात उरला तो फक्त उग्रपणा. तिसऱ्यांदा पाक करून गॅस बंद केला, भांडं जरा निवलं तेव्हा पुदिन्याच्या काड्या आणि थोडी पानं त्यात बुडवली, झाकण ठेवलं आणि 20 मिनिटांनी गाळून घेतलं. हा पाक जमला. पाणी आणि साखर समान वजनाची, म्हणजे 1 किलो साखरेला 1 लिटर पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार वगैरे येऊ द्यायची नाही. काड्या आपण एरवी फेकून देतो, पण पाकाला त्याच चांगल्या. वास भरपूर, हिरवेपणा कमी. नुसत्या पाकाने मात्र पेयात टवटवी येईना. वास होता, पण ताजा नव्हता. म्हणून ग्लासात थोडी ताजी पानं वेगळी दाबायची आणि वरून हा पाक, असं दोन्ही धरलं.

पानं दाबण्यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. लाटण्याच्या गोल टोकाने ग्लासाच्या तळाशी पाच-सहा वेळा दाबायचं आणि किंचित फिरवायचं, एवढंच. पान चुरगळलेलं दिसावं, फाटलेलं नको. बोटं हुंगली तर वास यायला हवा आणि पाणी अजून निवळ असायला हवं. हात भारी असेल तर कडवटपणा येतोच. माझ्या नवऱ्याचा हात या कामाला माझ्यापेक्षा हलका निघाला, म्हणून पुढे ते खातं त्याच्याकडे गेलं.

त्या रविवारी दादाला चाखायला बोलावलं. मी उत्साहात उंच, निमुळते, कॉकटेलचे म्हणतात तसे ग्लास आणून ठेवले होते. डिसेंबरमधला कागदी कप माझ्या डोक्यातून गेला नव्हता. याच्या हातात इतरांसारखाच देखणा ग्लास द्यायचा, असं मनाशी धरलेलं. दादाने ग्लास हातात घेतला, वास घेतला आणि परत खाली ठेवला. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चांगलं आहे गं. पण हे मला जुन्या जागी नेतं. हाच ग्लास, हीच लिंबाची चकती. तू म्हणतेस रम काढली. मला न काढलेली दिसते."

मला काय बोलावं सुचेना. मी त्याच्यासाठी म्हणून जे इतकं मन लावून केलं होतं ते त्याला विचारून केलंच नव्हतं. मी त्याला विचारलं, "मग काय हवं तुला?"

त्याने खरंच विचार केला. म्हणाला, पुदिना हवा, लिंबू हवं, सोडाही चालेल, सोड्याचं त्याला काही नाही. पण ते कशाची तरी नक्कल नको. नाव नको, तो ग्लास नको. "आपल्याकडचं काहीतरी घाल ना त्यात. ते आपलं सरबत आहे असं वाटलं पाहिजे."

त्याच दिवशी त्याच्याकडून आणखी एक गोष्ट कळली, ती सगळ्यांना माहीत असायला हवी असं मला वाटतं. मी इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या एका कृतीत शेवटी 'बिटर्सचे दोन थेंब' लिहिले होते. कृतीवर ठळक लिहिलेलं, दारूविरहित. दादा म्हणाला, बिटर्स म्हणजे दारूत मुरवलेला कडू अर्क, म्हणजे दारूच. मी बघितलं : अँगोस्तुरा नावाच्या प्रसिद्ध बिटर्समध्ये 44.7 टक्के अल्कोहोल असतं. दोन थेंबांनी कुणाला चढत नाही, हे खरं. पण ज्याने 3 वर्षं एक थेंब घेतलेला नाही, त्याला न सांगता दोन थेंब देणं ही फसवणूक आहे. माळकऱ्याच्या बाबतीतही तेच. ते पान मी वहीतून फाडून टाकलं.

'आपल्याकडचं काहीतरी' म्हणजे काय, हे नाशिकमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला फार शोधावं लागत नाही. द्राक्षांचा हंगाम संपत आलेला असतो. शेवटचा माल, उन्हाने साखर भरलेला, रस्त्याकडेला पाट्या भरून बसलेला. लांबट हिरवी द्राक्षं घेऊन आले. ग्लासात चार द्राक्षं पुदिन्याबरोबर दाबली आणि मला हवं होतं ते मिळालं. द्राक्षाचा आंबूसगोड रस लिंबाला मऊ करतो, त्यामुळे पाक कमी लागतो. पुदिन्याचा वासही उठून येतो. वर चिमूटभर सैंधव. जिरं घालून पाहिलं, चाट मसालाही, पण मग ते जलजीऱ्याकडे झुकायला लागलं. जलजीरा ही वेगळी, स्वतःच्या मानाची गोष्ट आहे. सैंधवावर थांबले. मिठाने कडवटपणा दबतो आणि फळाची चव पुढे येते.

आणखी थोडी द्राक्षं धुऊन, पुसून फ्रीजरमध्ये ठेवली, गोठलेली द्राक्षं बर्फाच्या खड्यांसारखी घालायला. बर्फ विरघळून पेय पाणचट करतो, द्राक्ष करत नाही, आणि शेवटी चमच्याने खाता येतं. दादा दुसऱ्यांदा आला तेव्हा आपल्या नेहमीच्या उभ्या काचेच्या पेल्यात, ज्यातून आम्ही लहानपणापासून कोकम सरबत पितो त्यात, दिलं. त्याने संपवलं आणि पेला पुढे केला. बोलला काहीच नाही.

पुढचं काम हिशोबाचं. 40 माणसं, प्रत्येकी 2 पेले धरून 80. एका पेल्याला 30 मिली पाक आणि 20 मिली लिंबाचा रस. म्हणजे पाक 2.4 लिटर आणि रस 1.6 लिटर. साखर दीड किलो आणि पाणी दीड लिटर घेतलं की पाक साधारण 2.4 लिटरच भरतो, साखर विरघळली तरी जागा घेतेच. लिंबं 100 घेतली, कारण कागदी लिंबातून एरवी 15 ते 20 मिलीच रस निघतो आणि उन्हाळ्यात लिंबू महाग असतं तेव्हा ते नेमकं सुकंही निघतं. सोडा पेल्याला 120 मिलीप्रमाणे 10 लिटरच्या आसपास. दोन लिटर जास्तच आणला, कारण उघडलेली बाटली दहा मिनिटांत मरगळते.

बर्फाबद्दल मी हट्टी होते. रसवंतीच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली लादी पडलेली असते, ती मला नको होती. खाण्याचा बर्फ आणि माल थंड ठेवायचा बर्फ वेगळा. महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे तो याचसाठी. मी पाकीटबंद खड्यांचा 20 किलो बर्फ सांगितला. 12 किलो पेल्यांसाठी आणि 8 किलो बाटल्या बुडवायला.

पुदिन्यासाठी बुधवारी गंगेवर गेले. बाहेरगावच्यांना सांगायला हवं, नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. सकाळी लवकर गेलं तर पालेभाजीवर अजून रात्रीचं दव असल्यासारखं वाटतं. भाजीवाल्या मावशींना मी सांगितलं, "चटणीचा नको, सरबताचा द्या." त्यांना लगेच कळलं. त्यांनी मोठ्या गडद पानांच्या जुड्या बाजूला सारल्या आणि खालून कोवळ्या, फिक्या हिरव्या, बारीक पानांच्या काढल्या. "जून पान कडू लागतं बाई, त्याला हात लावू नको," असं म्हणत एका जुडीचं पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं. 12 जुड्या घेतल्या. जुडी फुलावर आलेली नाही ना, तेवढं बघून घ्यायचं. तुरे आलेल्या पुदिन्याचा वास बदलतो.

कार्यक्रम शनिवारी, म्हणून तीन दिवस टिकवायचा होता. मुळं-माती झाडून, जुड्या सोडून, काड्यांची टोकं कापून त्या फुलांसारख्या पाण्याच्या पेल्यांमध्ये उभ्या केल्या, वर ओलसर पंचा सैलसर टाकला आणि फ्रीजच्या दारात ठेवल्या. पाणी रोज बदललं. धुवायचा तो वापरायच्या दिवशीच, आधी धुतलेला पुदिना लिबलिबित होतो.

शनिवारी सकाळी वहिनी, भाची आणि मी पानं निवडायला बसलो. हजारभर पानं. अशा कामाला तीन बायका बसल्या की बोलणं कुठून कुठे जातं. वहिनींनी बाळंतपणातल्या बाळंतशेपांचा विषय काढला, आणि भाचीने एकदम हातातलं पान वर धरलं. म्हणाली, या पुदिन्याच्या वासाचा मुख्य घटक कार्व्होन, आणि बाळंतशेपेतलाही कार्व्होनच. रेणू तोच, फक्त एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब, डावा हात आणि उजवा हात असतात तसे. नाकाला मात्र दोन पूर्ण वेगळे वास येतात. वहिनींनी उठून डब्यातली बाळंतशेप आणली. आम्ही तिघी आळीपाळीने एका हातातला पुदिना आणि दुसऱ्या हातातली शेप हुंगत बसलो. मी 48 वर्षांची आहे. दोन्ही गोष्टी जन्मभर माझ्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी होत्या.

तिनेच सांगितलं की पुदिन्याने तोंड थंड होतं ते मेंथॉलमुळे. थंडी ओळखणारी जी संवेदनाग्राही प्रथिनं आपल्या मज्जातंतूंवर असतात, ती मेंथॉलनेही जागी होतात. मेंथॉल वापरून ती शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं (त्यांच्या इतर कामासह). पण आपल्या चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल अगदी कमी, ते पेपरमिंटमध्ये जास्त. म्हणजे आमच्या पेयाला गारवा द्यायचा तर तो खरोखरचाच द्यायला हवा होता.

दुपारी एकच्या सुमाराला निवडलेली पानं दोन डब्यांत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि मी हार-तुरे आणायला रविवार कारंजाला गेले. जाताना नवऱ्याला म्हटलं, "द्राक्षं फ्रीजरमध्ये टाका." त्यांनी द्राक्षं टाकली, आणि उन्हाचा कडाका बघून, पानंही थंड राहू देत म्हणून, पुदिन्याचा एक डबाही टाकला. साडेतीनला परत येऊन उघडला. पानं काचेसारखी कडक झाली होती. बाहेर काढून ठेवली तर दहा मिनिटांत काळी, ओली, शिजवल्यासारखी. पेशींमधलं पाणी गोठून फुगतं, भिंती फोडतं, आणि वितळताना सगळं बाहेर येतं. द्राक्षाचं साल ते सहन करतं, पुदिन्याचं पान नाही. निम्मी पानं गेली.

नवरा काही न बोलता चप्पल घालून खाली गेला. आमच्या इमारतीत 16 घरं आहेत. त्याने प्रत्येक दार वाजवलं. चार घरांच्या गॅलरीत पुदिना होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर कुंडीच उचलून दिली, "आप्पांच्या वाढदिवसाला ना, सगळा घ्या, परत फुटतो तो." कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवर तीन जुड्या मिळाल्या, जरा जून होत्या, त्यांचे फक्त शेंडे घेतले. तरी पेल्याला दहाऐवजी सहाच पानं येणार होती. मला रडू येईल असं वाटत होतं. भाची म्हणाली, "आत्या, पाक चाखून बघ ना." पाकात काड्यांचा वास मुरलेला होता, भरपूर. सहा पानं पुरली. खरं सांगायचं तर सहाच बरोबर होती, दहा पानांत थोडा तोरा जास्त होता. आता मी सहाच घालते.

लिंबं साडेचारला पिळली. आदल्या दिवशी पिळून ठेवलेल्या रसाचा वास मेलेला असतो आणि चवीला करवंदाच्या चिकासारखं काहीतरी लागतं. पिळताना साल घट्ट दाबू नये, सालीचा कडूपणा उतरतो. रस आणि पाक एकत्र करून चरवीत ठेवला. आमच्या घरातली आमटीची एक छोटी पळी मोजून बघितली तर काठोकाठ 50 मिली भरली. 30 आणि 20. मग वेगळं माप कशाला?

सोड्याच्या बाटल्या तासभर आधी टपात, बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बुडवून ठेवल्या. नुसत्या बर्फात बाटली हळू गार होते, कारण खडा एका जागी टेकतो. पाणी चहूबाजूंनी लागतं. सोडा गार असणं हे या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं म्हटलं तरी चालेल. 0 अंशाच्या पाण्यात 20 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड मावतो. गरम सोडा बर्फावर ओतला की सगळी चुरचुर फसफसून वर निघून जाते आणि पेल्यात गोड पाणी राहतं. एका भावाने मदत म्हणून सोडा आधीच मोठ्या नळाच्या बरणीत ओतायला घेतला होता, त्याला वेळेवर थांबवलं.

संध्याकाळी गच्चीवर आधी औक्षण झालं. 75 दिवे, परातीत गोल मांडलेले. वाऱ्याने चार-पाच विझत होते आणि नातवंडं ते पुन्हा लावत होती. आप्पांचे डोळे भरले होते. मग आम्ही टेबलाशी उभे राहिलो. नवरा पहिला : पेल्यात सहा पानं, चार द्राक्षं, लाटण्याने दाबून पुढे सरकवायचा. मी एक पळी पाक-रस आणि चिमूटभर सैंधव. वहिनी बर्फ आणि तीन गोठलेली द्राक्षं. दादा शेवटी, सोडा. हे काम त्याने स्वतः मागून घेतलं होतं. पेला तिरका धरून कडेने हळू ओतायचा, मग लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलायचा. ढवळत बसलं तर चुरचुर जाते. तो ते इतक्या नेटकेपणाने करत होता की मी एकदोनदा माझं काम विसरून त्याच्याकडे बघत राहिले.

वर ठेवायच्या शेंड्यासाठी मुलांची रांग लावली होती. शेंडा तळहातावर ठेवून त्यावर एक टाळी मारायची. पान फाटत नाही आणि ग्रंथी फुटून वास मोकळा होतो. दहा-बारा पोरं टाळ्या मारतायत, गच्चीभर पुदिना दरवळतोय. आप्पा खुर्चीतून म्हणाले, "भजन सुरू झालं वाटतं." मग त्यांनीही एक शेंडा मागून घेतला, टाळी मारली, हाताचा वास घेतला आणि बराच वेळ तो हात तसाच नाकाशी धरून बसले.

80 पेल्यांचा अंदाज होता, 90 च्या वर गेले. शेवटी द्राक्षं संपली, मग नुसत्या पुदिना-लिंबावर चालवलं. वाईन विचारणाऱ्या मावसभावाने तीन पेले घेतले आणि नाव विचारलं. नाव ठेवलंच नव्हतं. दादा म्हणाला, "आमच्या घरचं सरबत आहे." त्या संध्याकाळी सगळ्यांच्या हातात सारखेच पेले होते, त्यामुळे कुणाच्या पेल्यात काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही. दादाला तर नाहीच.

उरलेल्या जाड काड्या मी टाकल्या नाहीत. खालची पानं काढून पाण्यात ठेवल्या, आठवड्याभरात पांढरी मुळं फुटली. निम्म्या काड्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या रिकाम्या कुंडीत लावल्या, दोन दादा घेऊन गेला.

परवा त्याचा फोन आला. त्याच्याबरोबर ज्यांनी दारू सोडली त्यातल्या एकाच्या मुलीचा साखरपुडा आहे, आणि पेयाचं काम दादाने अंगावर घेतलंय. पाक किती दिवस आधी करून ठेवता येईल, असं विचारत होता. मी म्हटलं, फ्रीजमध्ये आठवडाभर खुशाल ठेव. लिंबं मात्र त्याच दिवशी पीळ.